इंधन : इतर

वडाळ्याचं आरटीओ, खिडकी क्रमांक नऊ.
अकरा वर्षं मी इथे बसते.
समोरच्या पडद्यावर इंधनं ओळीने येतात:
पेट्रोल, डिझेल, सीएनजी, वीज.
मंगळवारी इनास किणींनी अर्ज सरकवला,
इंधनाच्या रकान्यात निळ्या शाईने, ठसठशीत,
वाफ.

काका, वाफ हे इंधन नाही, मी म्हटलं.
बरोबर, ते म्हणाले. इंधन करवंट्या.
पण करवंट्या लिहिलं असतं तर तुम्ही हसला असता.

मी हसलेच.

चौतीस वर्षं माझगावच्या एका इस्पितळात
बॉयलरवर होते किणी.
वरच्या मजल्यांवर कोण आलं, कोण गेलं, त्यांना ठाऊक नव्हतं;
खाली धुवायला आलेल्या चादरींवरून काय तो अंदाज.
काचेच्या नळीतलं पाणी दिसेनासं झालं तर पळायचं,
हे त्यांच्या उस्तादाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य.
कधी पळावं लागलं नाही,
हे सांगताना त्यांनी खिडकीच्या लाकडाला हात लावला.

गाडी म्हणजे बेकरीची जुनी मॅटाडोर.
पावाचं चित्र अजून दारावर आहे, अर्धं.
आत दारूखान्यातून आणलेल्या नळ्यांचं वेटोळं;
ज्या जहाजाच्या त्या नळ्या, त्याचं नाव
भंगारवाल्यालाही आठवत नव्हतं.
जावई म्हणाला, पप्पा, विजेची घ्या ना.
घेऊ की. हीपण असू दे.

जेवणाच्या सुट्टीत मी खाली उतरले.
डबा हातातच राहिला.
किणी गुडघ्यावर बसून करवंट्या सारत होते
आणि चाचणीचे साहेब घड्याळ बघत होते.
किती वेळ?
वीस मिनिटं.
वीस?
साहेब, भात टाकला की लगेच झाकण काढता का?
एक वाफ येऊ दे.

हे वाक्य मी आईकडून इतक्यांदा ऐकलंय,
की ते गाडीला उद्देशून असू शकतं
हे मला कळायला क्षणभर लागला.

काटा चढला. गाडी निघाली.
आवाज? नाहीच म्हणा.
म्हणजे, कुणी तरी झोपेत कूस बदलावी तसा.
आवाराला एक फेरी, शिकाऊ स्कूटरवाल्यांच्या मधून,
आणि साहेबांनी हात केला तिथे उभी राहिली.
एकदम गप्प.
बंद पडली का हो?
नाही साहेब. थांबली.

हे मला लिहून ठेवावंसं वाटलं.
बाहेर रस्त्यावर, सिग्नलला,
शे-दीडशे गाड्या उभ्या होत्या
आणि एकही थांबलेली नव्हती.
सगळ्या जागच्या जागी जळत होत्या.

धुराची नळी लावणारा पोरगा बांबूला ती बांधून
धुराड्यापाशी धरून उभा. यंत्राने आकडा दाखवला,
मग दुसरा, मग नुसत्या रेघा.
धूर होता. नाही कशाला म्हणू?
खोबऱ्याच्या वासाचा, पण धूरच.
किणीही तसंच म्हणाले, आणि वर:
दर दहा-बारा किलोमीटरला पाणी मागते ही.
येताना रे रोडला एका टँकरवाल्याने बादलीभर दिलं,
पैसे घेतले नाहीत, आत डोकावून बघितलं फक्त.

खिडकीवर परत आले.
पडद्यावर 'इतर' निवडलं.
'इतर असल्यास तपशील' म्हणून एक यादी उघडली,
तीत एकही नाव नव्हतं, आणि रिकामी सोडू देईना.
तीन वेळा केलं. चौथ्यांदा सगळंच लटकलं.
शेजारच्या सपकाळबाई म्हणाल्या,
कशाला गं तोंडाची वाफ दवडतेस, नाही म्हणून सांग.

नाही म्हणून सांगितलं नाही.
अर्ज वर पाठवते म्हटलं, वर म्हणजे कुठे
हे मलाही नीट माहीत नाही.
किणींनी चष्मा पुसला. तो पुन्हा धुरकटला.
मग, आतली गोष्ट विचारावी तसं, हळूच:
विजेच्या गाडीला हिरवी पाटी देता ना तुम्ही?
आमची कुठल्या रंगाची?

मागे रांगेत कुणीतरी घसा खाकरला.
मी अर्जावर शिक्का मारला.
त्यांच्या बाहीचं पाणी लागून
'वाफ'मधला फ पसरला होता.